मनीषा कोइराला आणि शैलजा आचार्य, नातं काय?

खडकीकर:
काल जेवताना मनीषा कोइरालाचा विषय निघाला. आजोबा बी. पी. कोइराला नेपाळचे पंतप्रधान होते हे माहीत होतं, पण सासरे म्हणाले त्याच घरातली शैलजा आचार्य उपपंतप्रधान झाली आणि लहानपणी तिने राजाला काळा झेंडा दाखवलेला. खरंय का हे, की सासरे नेहमीसारखे ठोकतायत? ते तिला मनीषाची मावशी म्हणतात. श्रीखंडाची पैज लागलीये.

वरणभात:
झेंड्याचं शंभर टक्के खरं. डिसेंबर 1960 मध्ये राजा महेंद्रने बीपींचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, बीपींना आत टाकलं. दोन महिन्यांनी फेब्रुवारीत प्रजातंत्र दिवस आला, म्हणजे राणाशाही (राणा घराण्याची सत्ता) गेली म्हणून जो साजरा करतात तोच, आणि लोकशाही मोडणाराच त्या दिवशी मिरवतोय म्हटल्यावर पोरीने काढला काळा झेंडा. जन्म 1944चा, करा हिशोब. त्या वयात आपण बारावीच्या क्लासला दांड्या मारत होतो. तीन वर्षं जेल. मामा पण आत, भाची पण आत.

पक्काकोकणी:
ते ठीक, पण 1991 ला बीपींचे भाऊ गिरिजाप्रसाद पंतप्रधान झाल्यावर ही कृषिमंत्री, 1998 ला परत तेच आले तेव्हा ही उपपंतप्रधान. तेही मामाच ना? आपल्याकडे याला घराणेशाही म्हणतात.

वरणभात:
घराणेशाही आहेच, नाही कुठे म्हणतोय. पण मामाच्याच सरकारात भ्रष्टाचार चाललाय असं उघड बोलून कृषिमंत्रीपद सोडणारी भाची आपल्याकडची एखादी सांग की. उपपंतप्रधान होणारी नेपाळातली पहिली बाई तीच. पहिली महिला मंत्री मात्र नाही हां, त्या द्वारिकादेवी ठकुरानी, 1959 च्या बीपींच्या मंत्रिमंडळातल्या, यात बरेच जण गोंधळ करतात.
आणि गंमत बघा, बीपींचा मुलगा प्रकाश, म्हणजे मनीषाचे वडील, 2005 मध्ये राजा ज्ञानेंद्रच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले! बहिणीने राजाला काळा झेंडा दाखवला, भाऊ राजाचा मंत्री. नेपाळी काँग्रेसवाले, म्हणजे बीपींच्याच पक्षाचे लोक, जाम भडकले होते.

खडकीकर:
थांबा, बहीण म्हणजे कशी?

वरणभात:
आतेबहीण हो. शैलजा ही बीपींच्या बहिणीची मुलगी. म्हणजे मनीषाची आत्या, मावशी नाही.

खडकीकर:
मग श्रीखंड अर्धा किलोच आणतो, मावशीचे मार्क कापले.