‘द इमिग्रंट’ (२०१३): एलिस बेटावरचे प्रसंग कितपत खरे?

पडदापुराण
आमच्या फिल्म क्लबात जेम्स ग्रेचा ‘द इमिग्रंट’ दाखवतोय. आधी पंधरा मिनिटं बोलायचं आहे. काळ जानेवारी १९२१, जागा न्यूयॉर्क बंदरातलं एलिस बेट, म्हणजे अमेरिकेत येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी व्हायची ते केंद्र. पोलंडहून आलेल्या दोन बहिणी. माग्दाला खोकल्यावरून दवाखान्यात ठेवतात, एवाला ‘चारित्र्य’ आणि नातेवाइकांचा पत्ता यांवरून अडवतात, मग ब्रूनो नावाचा बायकांचा दलाल पैसे चारून तिला बाहेर काढतो. हे कायद्याला धरून आहे का?

जुनी_दप्तरं
दोन बहिणींची प्रकरणं वेगवेगळी बघा, मेख तिथेच आहे. अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्यानुसार क्षय कुठल्याही स्वरूपाचा असला तरी प्रवेश बंद. डॉक्टरने तसा दाखला दिला की चौकशी मंडळाचा नकार अंतिम, अपील नाही. एवाचं तसं नाही. एकटी बाई, घ्यायला कोणी नाही, पत्ता धड नाही, म्हणजे ‘सरकारवर भार होण्याची शक्यता’ हा शेरा. त्यावर वॉशिंग्टनला अपील करता यायचं. ही वाट सिनेमा वापरत नाही. पटकथेच्या सोयीचंच आहे म्हणा. अपील चालू असतं तर ब्रूनो हवा कशाला?

खरा फास पुढे आहे. देशात शिरल्यावर वेश्याव्यवसाय करताना सापडली तर परदेशी बाईला कधीही हद्दपार करता यायचं. इतर बऱ्याच कारणांना पाच वर्षांची मुदत होती, याला नव्हती. म्हणजे बहिणीला सोडवायला एवा ज्या मार्गाने पैसे जमवते, तोच तिला परत पाठवू शकतो. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘ती पोलिसांकडे का जात नाही?’ हे कोणीतरी विचारणारच.

लाचेचं म्हणाल तर अशा तक्रारींनंतरच १९०२ मध्ये विल्यम विल्यम्स यांना तिथे आयुक्त नेमलं होतं. १९२१ मध्ये इतक्या सहज सुटका होणं मला जरा ओढूनताणून वाटतं.

रीळ_नं_४
एलिस बेटावरचं चित्रण खरोखर तिथेच झालंय. मोठ्या दालनाचं छत बघा: १९१६ मध्ये जवळच्या ब्लॅक टॉम इथल्या दारूगोळ्याच्या साठ्याच्या स्फोटात जुनं छत खराब झालं, १९१८ मध्ये ग्वास्ताविनो पद्धतीच्या (कमानीत एकमेकींत बसवलेल्या) फरशांचं नवं बसवलं. म्हणजे १९२१ साठी अचूक. गुरांच्या कोंडवाड्यासारखे लोखंडी कठडे जुन्या फोटोंत दिसतात, पण १९११ च्या सुमारास ते काढून बाकं आली.

पडदापुराण
उत्तम! देशवार कोट्याचा उल्लेख का नाही? आणि अधिकारी तिथे नावं बदलायचे, हेही सांगू ना?

जुनी_दप्तरं
कोट्याचा कायदा मे १९२१ चा: १९१० च्या जनगणनेत अमेरिकेत राहणारे पण त्या देशात जन्मलेले जितके, त्यांच्या ३ टक्के लोकांनाच दरवर्षी प्रवेश. कथा त्याआधी सुरू होते. नावांचं मात्र सांगू नका, ती दंतकथा आहे. प्रवाशांची यादी बोट सुटतानाच बनायची, इथले अधिकारी ती ताडून बघायचे.

कोणी आनंदीबाई जोशींचा विषय काढला तर त्या १८८३ मध्ये उतरल्या, एलिस बेटाचं केंद्र १८९२ चं. आणि १९१७ नंतर ‘निषिद्ध आशियाई पट्टा’ (आशियाच्या ज्या भागातल्या लोकांना प्रवेशबंदी होती तो) लागू झाल्यावर बहुतेक भारतीयांना दारच बंद होतं.

रीळ_नं_४
एक तांत्रिक गोष्ट. चित्र तपकिरी-सोनेरी आणि बरंच अंधारं आहे, अर्धवट उजेडाच्या खोलीत चेहरेही दिसणार नाहीत. खिडक्यांना जाड पडदे लावा. पोलिश संवादांचे सबटायटल्स तुमच्या प्रतीत येतात का, तेही आदल्या दिवशी बघून घ्या.