रॉकेलचा हीटर वास मारतोय, एका बाजूनेच लाल होतोय. वात कापली ती चूक झाली का?

कुडकुडे:
नमस्कार मंडळी. आम्ही जपानमध्ये मात्सुमोतोजवळ राहतो, नागानो प्रांत, जुनं लाकडी भाड्याचं घर, भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. रात्री उणे आठ-नऊ जातं, सकाळी सिंकमधल्या पातेल्यातलं पाणी वरून गोठलेलं असतं. एसीने काही भागत नाही. घरमालकीण आजींनी गेल्या वर्षी त्यांचा जुना रॉकेलचा हीटर दिला, तो जाळीवाला, आत गोल वात, वर किटली ठेवता येते, वायर नाही, सेलवर पेटतो. गेला हिवाळा झकास गेला.

यंदा काढला तर पहिल्या दिवसापासून कटकट. वास येतो, जाळी अर्धीच लाल होते आणि अर्धी काळी राहते, मधेच वरून पिवळी ज्योत बाहेर येते. वातीचा नॉब पण घट्ट झालाय, खाली करताना जोर लावावा लागतो. मी काय केलं, संगमनेरला आई वातीचा स्टो करायची तसं कात्रीने वात वरून दोन-तीन मिलिमीटर सरळ कापली, म्हणलं काजळी धरलेला भाग गेला की झालं. तर त्यानंतर अजूनच बिघडलं. रॉकेल गेल्या एप्रिलचं उरलेलं आहे, पांढऱ्या पाण्याच्या कॅनमध्ये गॅलरीत झाकून ठेवलं होतं, वाया कशाला घालवायचं म्हणून तेच वापरतोय.

बायको म्हणते भंगारात द्या. मला वाटतं घरच्या घरी दुरुस्त होईल. संध्याकाळी दोघांचं डोकं जरा जड होतं, मुलगा पण कुरकुर करतो, पण ते थंडीमुळे असावं. कोणी असा हीटर उघडलाय का?

सेंदाईची_माई:
अहो शेवटची ओळ तुम्ही पहिली लिहायला हवी होती! तिघांचं डोकं एकाच वेळी, एकाच खोलीत, हीटर चालू असताना जड होतंय आणि तुम्ही थंडीवर ढकलताय. बाहेर गेल्यावर बरं वाटतं का ते आठवून बघा. वाटत असेल तर तो कार्बन मोनॉक्साइड समजा आणि आज रात्री हीटर लावूच नका, तिघं एका खोलीत एसी आणि रजया घेऊन झोपा. डोकं दुखायचं थांबत नसेल, मळमळ, चक्कर असेल तर सरळ दवाखान्यात जा आणि रॉकेलचा हीटर चालू होता हे तिथे आठवणीने सांगा.

या वायूला वास नसतो. तुम्हाला येतो तो अर्धवट जळालेल्या रॉकेलचा, म्हणजे उलट वास येतोय हे नशीब, कारण तो नुसता वायू असता तर कळलंच नसतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे थोडासुद्धा पुरतो. आपल्याकडे काय होतं, लहानपणी रेशनच्या निळ्या रॉकेलच्या वासात आपण अभ्यास केलेला असतो, त्यामुळे वास म्हणजे रॉकेलचा स्वभावच वाटतो. इथलं रॉकेल पाण्यासारखं स्वच्छ असतं, गंधक अगदी कमी, नीट जळताना खोलीत जवळपास वास येत नाही. पेटवताना आणि विझवताना येतो तेवढाच.

आणि चालू असताना तासाला एक-दोनदा खिडकी उघडायची, हे हीटर कितीही नवा असला तरी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो आधी मागवा, दुरुस्तीचं नंतर.

काजळीवाला:
माई बोलल्या ते आधी करा. आता हीटरचं.

वात कापलीत ती चूक झाली, पण चूक समजण्यासारखी आहे. आईच्या स्टोची वात सुती होती, ती स्वतः थोडी थोडी जळायची म्हणून कापावी लागायची. या हीटरच्या वातीचं वरचं टोक बहुतेक वेळा काचेच्या धाग्याचं असतं आणि खालचा भाग सुती, खालचा रॉकेल ओढतो आणि वरच्या टोकावर रॉकेलची वाफ होऊन ती जळते, वात स्वतः जळत नाही. कात्री लावली की धागे विसकटतात, कडा कितीही सरळ कापली तरी वरखाली होते, आणि ती किती वर येणार हे आतल्या दातेरी चाकाने ठरलेलं असतं, म्हणजे तुमची वात आता कायमची तीन मिलिमीटर बुटकी. जिथे बुटकी तिथे जाळी काळी. ती वात गेली, नवी घ्या. हीटरच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर होम सेंटरमध्ये दाखवा, प्रत्येक मॉडेलची वात वेगळी असते, जवळपासची बसवू नका.

पण मूळ रोग वात नाही, रॉकेल आहे. पांढरा कॅन, गॅलरी, आख्खा उन्हाळा, अहो ते रॉकेल नासलं. म्हणूनच इथे लाल किंवा निळे कॅन असतात (तुमच्याकडे लाल, ओसाकाकडे निळे), ते उन्हाला अडवतात. दोन काचेचे ग्लास घ्या, एकात पाणी, एकात ते रॉकेल, मागे पांढरा कागद धरा. जरासं जरी पिवळट दिसलं किंवा आंबूस वास आला तरी वापरायचं नाही. तळाला थेंब वेगळे हलताना दिसले तर पाणी शिरलंय. नासलेलं रॉकेल जळताना वातीवर डांबर धरतं, आणि ते डांबर वातीला नळीशी चिकटवतं. तुमचा नॉब घट्ट झाला तो त्यामुळे.

इथे जरा थांबा, कारण घट्ट नॉबचा अर्थ नुसता हाताला त्रास एवढाच नाही. हा हीटर विझतो कसा, तर वात खाली पडून. धक्का लागला किंवा भूकंप झाला की आपोआप विझायची जी सोय आहे ती पण वातच खाली पाडते, दुसरं काही करत नाही. चिकटलेली वात पडणार नाही. म्हणजे भूकंपाच्या देशात तुमच्या घरात आत्ता न विझणारी आग आहे. कधी चालू असताना अशी अडकलीच तर जळता हीटर उचलून बाहेर पळू नका, रॉकेल हिंदकळून अंगावर येतं.

वात न कापता डांबर काढायची रीत म्हणजे कोरडी जाळणी. टाकी काढायची, आतलं रॉकेल संपत आणायचं, हीटर घराबाहेर आडोशाला ठेवायचा, वात पूर्ण वर करून पेटवायचा आणि आपोआप विझेपर्यंत जळू द्यायचा. शेवटी भयंकर वास येतो, शेजाऱ्यांना सांगून करा. गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने राख झटकायची. मात्र तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच, काही वातींना हे चालत नाही. तुमची वात तशीही बदलायचीच आहे तर सोडा, पुढच्या वर्षीसाठी लक्षात ठेवा.

आणि सगळं झाल्यावर आतलं जाळीचं नळकांडं परत ठेवलं की त्याची मूठ धरून डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा हलवायचं. ते वातीवर जराही तिरकं बसलं की एका बाजूने हवा जास्त, दुसरीकडे कमी, आणि तुमचं हेच लक्षण, अर्धं लाल अर्धं काळं. बरेच लोक याच्यापायी हीटर फेकून देतात.

ह्यूस्टनकर:
आमच्याकडे प्रोपेनचे छोटे हीटर असतात, डोकेदुखी तीच. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज गेली तेव्हा सगळ्यांनी गॅरेजमधून काढले, माझा पायलट (मुख्य ज्योत पेटवणारी छोटी ज्योत) पेटायचा पण नॉब सोडला की विझायचा. मी पण तुमच्यासारखाच, आजोबांच्या पंपाच्या स्टोला पिन मारायची सवय, पिन घेऊन बसलो. शेजारी म्हणाला हात लावू नको. गॅस येतो त्या पितळेच्या बारीक भोकात पिन फिरवली की भोक मोठं होतं आणि गॅस जास्त येऊन ज्योत पिवळी होते. आत कोळ्याचं जाळं होतं. गॅस बंद करून, गार असताना, दाबाच्या हवेच्या डब्याने फुंकलं आणि चालू झाला. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, काडी पेटवून गळती शोधायची नाही.

अजून एक, खोलीतला ऑक्सिजन 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की या हीटरचा पायलट आतल्या सेन्सरमुळे विझतो (नेहमी हवेत 21 च्या जवळ असतो). सारखा विझतो म्हणून काही लोक तो सेन्सर वगळून जोडणी करतात. कृपया करू नका. आणि तो ऑक्सिजन बघतो, कार्बन मोनॉक्साइड नाही, म्हणून अलार्म वेगळा लागतोच.

टोक्योतला_पोहेवाला:
थोडं अवांतर. आमचा पंख्याचा रॉकेल हीटर (वायरवाला) दर पंधरा मिनिटांनी एरर दाखवून बंद व्हायचा, वात-बित काही नाही त्यात. मेकॅनिक आला आणि पहिला प्रश्न, घरात केसांचा स्प्रे किंवा सिरम कोण वापरतं? बायकोने माझ्याकडे बघितलं. 😅 त्यातलं सिलिकॉन हवेतून आत जाऊन ज्योत ओळखणाऱ्या दांडीवर पांढरं बसतं, मग मशीनला वाटतं ज्योतच नाही. सिरम आता बाथरूममध्ये, दार लावून.

कुडकुडे:
सगळ्यांचे आभार, माई तुमचे विशेष. त्या रात्री हीटर गॅलरीत काढला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघांची डोकी हलकी. थंडी नव्हती ती.

ग्लासचा प्रयोग केला. पाण्याशेजारी रॉकेल अगदी फिकट लिंबू सरबतासारखं, वेगळं ठेवलं असतं तर कळलंही नसतं. ज्या पंपावरून घेतलं होतं त्यांनीच परत घेतलं. नवी वात दोनेक हजार येनला आली. उघडताना प्रत्येक पायरीला फोटो काढले, हाताने फिरवायचे, पंख असलेले चार नट आणि नॉब काढला की वरचा भाग निघतो. जुनी वात निघता निघेना, कडेने हिंगाच्या खड्यासारखं काळं कडक बसलेलं. खालच्या टाकीत पण जरा पाणी होतं, ते टिपून घेतलं. नवी बसवून, ताजं रॉकेल भरून अर्धा-पाऊण तास थांबलो, नळकांडं हलवून बसवलं, पहिल्यांदा बाहेरच पेटवला. पाच-सात मिनिटांत जाळी सगळीकडून सारखी लाल. मग हीटरला जरा धक्का दिला, खटकन वात खाली, विझला. तीनदा करून बघितलं, मुलाला तो खेळच वाटला. अलार्म उद्या येतोय, तोपर्यंत आत नाही आणणार.

एक शंका, मागच्या स्टिकरवर पीएससीचा (इथला सुरक्षिततेचा) शिक्का सापडत नाही. चालेल का?

काजळीवाला:
म्हणजे बराच जुना आहे. एप्रिल 2011 पासून इथे त्या शिक्क्याशिवाय दुकानात विकायला बंदी आहे. तुमच्याकडचा वापरणं बेकायदा नाही, पण नव्यांत टाकी बाहेर काढली की आपोआप विझायची सोय असते, ती तुमच्यात बहुधा नसेल. आजींचं मन राखायला यंदा वापरा, पण रॉकेल भरायचं ते हीटर विझवूनच, आणि पुढच्या हिवाळ्यात नवा बघा.

सेंदाईची_माई:
आणि टाकीचं झाकण लावलं की ती सिंकवर किंवा जुन्या पेपरवर उलटी धरून बघायची, थेंब पडला तर परत घट्ट करायचं, मगच हीटरमध्ये सरकवायची. वर कपडे वाळत घालायची दोरी असेल तर ती पण काढा. असणारच, आमच्याकडे पण होती.

कुडकुडे:
होती 🙈 काढली.