‘एक्सपोज्ड लॅटेराइट’ला आपला शब्द कोणता?

सावईचा पाहुणा :
मंडळी, गोव्यात फोंडा तालुक्यात वडिलोपार्जित जागेवर लहानसं घर बांधायला काढलंय. आर्किटेक्टने नकाशात पुढच्या भिंतीला बाण मारून ‘एक्सपोज्ड लॅटेराइट’ असं लिहिलंय. भिंत बांधणारा मेस्त मराठी झरझर वाचतो, इंग्रजी वाचत नाही. म्हणून कामाचा तपशील मी मराठीत उतरवायला बसलो.

‘लॅटेराइट’ची अडचण नाही. जांभा ही दगडाची जात, आणि तोच खाणीतून कापून, तासून भिंतीत बसायला तयार झाला की चिरा. निदान आमच्याकडे हा फरक पाळतात. गाडी अडली ती ‘एक्सपोज्ड’पाशी. ‘उघडा चिरा’ लिहून दाखवलं, तर मेस्त कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाला, “प्लास्तर ना? मागीर घर अर्दें उरलें न्हय?” (प्लास्टर नाही? मग घर अर्धंच राहिलं की!)

त्याच्या लेखी उघडा चिरा म्हणजे गडगा (कुंपणाची भिंत), विहिरीचा कठडा, नाहीतर पैसे संपले म्हणून थांबलेलं घर. पाहुण्यांना दाखवायची भिंत तशी ठेवतात हे त्याच्या पचनी पडेना. तर, शब्द सुचवा.

मुळामुठा :
अनावृत जांभा.

चकटफू :
अनावृत लिहिलंत तर भिंतीवरचा पडदा ओढायला मंत्री बोलवावे लागतील.

मुळामुठा :
बरं, ‘दर्शनी चिरा’ घ्या. पण मला गंमत वेगळीच वाटते. आमच्या घाटावर चिरा म्हटलं की काळा घडीव दगड डोळ्यांसमोर येतो. चिरेबंदी वाडा तोच, आणि मोठं माणूस गेल्यावर ‘चिरा ढासळला’ म्हणतात तोही तोच. टाकीने घडवलेल्या काळ्या दगडावर गिलावा करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून ‘उघडा’ असा वेगळा शब्द लागला नसावा. तुमच्याकडे उलट. तिथे गिलावा असणारच, म्हणून शब्द लागला नाही.

अंत्रूजकर :
मुळामुठा, नेमकं बोललात. आमच्याकडे गिलावा असणारच, त्याचं कारण दगडातच आहे. ताजा कापलेला चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. हवा लागली की तो टणक होतो. पण अंगाला भोकं असतात, पाणी पितो. मेस्त चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतून बघतो ते त्यासाठीच. पाणी कुठे झटकन आत गेलं, पांढऱ्या मातीचा खिसा कुठे निघाला, हे बघायचं. तसा चिरा बाजूला पडतो. मग बोटाच्या पेराने टकटक. कोरडा आवाज आला तर भिंतीत, बद्द आला तर पायरीखाली भरायला. आमच्या आजोबांच्या घराचा पाया खणला तेव्हा असे बद्द चिरे ढिगाने निघाले.

वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या मुलखात अशा दगडाला अंगरखा हवाच. शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी ही चिऱ्याची कातडीच समजा, सजावट नव्हे. चुना श्वास घेतो, आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. हल्ली त्याच भिंतीवर सिमेंट थापतात. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मग दोष चिऱ्याला!

उघड्या चिऱ्याचं सगळ्यात मोठं उदाहरण जुन्या गोव्यात उभं आहे. बॉम जेझूची बॅसिलिका १६०५ साली पूर्ण झाली. आज ती तांबडी, उघडी दिसते आणि लोकांना वाटतं की बांधली तेव्हापासून ती अशीच. वस्तुतः तिचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली. तेव्हापासून चिरा पावसात झिजतो आहे. दर्शनी बाजूचं नाजूक नक्षीकाम मात्र काळ्या दगडात आहे, आणि तो दगड वसईहून आणलेला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरालाही कळत होतं, कुठला दगड उघडा ठेवायचा आणि कुठला झाकायचा.

तळकोकणी :
अवांतर, पण ‘लॅटेराइट’ हा शब्दही गवंड्याच्याच घरचा. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या अंगाडीपुरम भागातल्या दगडाला हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. लोक त्या दगडाच्या विटा कापतात हे पाहून नाव ठेवलं. शास्त्राचा शब्द म्हणून उगाच दबकू नका.

पुण्याची सून, म्हापशाचं सासर :
शब्दांवरून माझी फजिती सांगते. घर दुरुस्तीच्या वेळी मी पुण्याच्या ओळखीच्या डिझायनरकडून नकाशा करून घेतला. त्याने ‘सोपा’ लिहून बारा बाय दहाची खोली दाखवली. मराठीत सोपा म्हणजे घरातली पुढची लांबट जागा, चौसोपी वाडा तसाच. आमच्या मेस्ताने दोन दिवसांत बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, दोन्ही बाजूंना बसायला चिऱ्याचे कट्टे बांधून ठेवले. गोव्यात सोपो म्हणजे तो कट्टा! आणि बाजारात बसणाऱ्याकडून पालिका घेते तो करही सोपोच. पहिल्या आठवड्यात मी खोली मागत होते आणि तो कट्टा दाखवत होता. आता मात्र संध्याकाळी सासूबाई त्यावरून उठत नाहीत.

अंत्रूजकर :
हा हा. आतल्या उघड्या चौकाला तुमचा डिझायनर ‘चौक’च म्हणाला असेल. आमच्या जुन्या घरांत ते राजांगण. रस्ते मिळतात तो चौक, राजांगणात तुळस.

तळकोकणी :
अशीच गोष्ट नळ्यांची. पूर्वी कौलं खरंच नळीसारखी होती, गोल, कुंभाराने घडवलेली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि चपटी कौलं आली. त्यात नळी कुठेच नाही, तरी आमचे लोक त्यालाही नळेच म्हणतात आणि पावसाळ्याआधी ‘नळे परततात’. वस्तू बदलली, नाव जिथल्या तिथे.

चकटफू :
शिंपल्याच्या तावदानांना मराठीत काय म्हणाल?

अंत्रूजकर :
शिंपल्याची तावदानं. सरळ सांगून भागतं तिथे शब्द घडवत बसू नये. नवीन घरात बसवायची असतील तर जुनी मोडीत निघालेली दारं-खिडक्या शोधा. तो शिंपला आता वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहे.

दामूचा नातू :
मूळ प्रश्नाकडे येतो. माझे आजोबा गवंडी होते. ते भिंत ‘उघडी’ ठेवत नसत, तिच्या ‘दर्जा भरत’. दर्ज म्हणजे दोन चिऱ्यांमधली फट, सांधा. गिलावा करायचा नसेल तर ती फट खरवडून चुन्याने नीट भरायची, कड साधायची. भिंत ओबडधोबड असेल तर दर्जा भरणं शक्यच नाही. चिरा काटकोनात तासलेला हवा, थर पाणसळीत हवा, ओळंबा चुकता कामा नये. गिलाव्याखाली झाकता येतं ते सगळं इथे वर दिसतं. तेव्हा ‘एक्सपोज्ड लॅटेराइट’ला मी ‘दर्जा भरलेली चिऱ्याची भिंत’ म्हणेन. शब्द लांब आहे, पण मेस्ताला काय करायचं ते कळतं. ‘उघडा’ म्हटलं की त्याला वाटतं काहीच करायचं नाही.

मुळामुठा :
दर्ज म्हणजे फारसी ‘दर्झ’, कापडाची शिवण. त्यावरूनच दर्जी, म्हणजे शिंपी. भिंतीची शिवण! आणि ‘उत्तम दर्जा’ मधला दर्जा अरबीतून आलेला, पायरी या अर्थाचा. दोघांचं नातं नाही, पण पहिल्याचं अनेकवचन दुसऱ्यासारखंच दिसतं.

सावईचा पाहुणा :
सर्वांचे आभार. मेस्ताला ‘दर्जा भरणे’ वाचून दाखवलं. त्याने मान हलवली आणि चिरे पुन्हा निवडायला लागला. बाजूला काढलेले वाढले, म्हणजे खर्चही वाढला. त्याच्या मुलाने अंदाजपत्रक लिहिलं : ‘पुढील भिंत : दर्जा भरणे, ४२ चौरस मीटर. आतून गिलावा.’ ते आर्किटेक्टच्या कार्यालयात पाठवलं. काल तिथून फोन आला, “दर्जा उत्तम हवाच, पण तो चौरस मीटरमध्ये कसा मोजता तुम्ही?”