घरात घोडा असलेली माणसं: तुमच्या आठवणी लिहा

लष्करची_लेक
काल ग्वाल्हेरला महाराज बाड्याजवळ एक वरात आडवी आली. घोडी छान नटवलेली, पण मागचा पाय नीट टेकत नव्हती. बाबा असते तर नवरदेवाला उतरवून आधी खूर बघितला असता! इथल्या लष्कर भागात आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात त्यांनी शेवटपर्यंत घोडी ठेवली. नोकरी कारकुनाची, घरात खाणारी तोंडं भरपूर. तरी पहाटे आधी तिची चंदी, मग स्वतःचा चहा. भिजवलेले हरभरे तोबऱ्यात घालण्याआधी मूठभर घेऊन हुंगायचे; जरा आंबूस वास आला की सगळे फेकून द्यायचे. खरारा करता करता आमच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. पाढा चुकला की त्यांचा हात थांबायचा आणि घोडी मान वळवून आमच्याकडे बघायची. तुमच्याकडे होतं का असं कुणी?

महूकर
मामा. घोड्याला पोटशूळ उठला होता, रात्रभर फिरवत होता त्याला, लोळू देत नव्हता. घोड्याला उलटी होत नाही ना, पोटात अडकलं की जिवावरच बेततं. मामी कंदील घेऊन बरोबर. उजाडता लीद पडली आणि मामीनं घरात शिरा केला. कुकर झालाय, बाकी नंतर लिहितो.

बडोद्याची_सून
आजेसासरे काठेवाडी घोडीवाले. कान असे आत वळलेले की टोकाला टोक लागायचं. आजी म्हणायच्या, "तिचे कान बघत बसतात, माझं ऐकायला मात्र यांना कान नाहीत" 😀 पण आजी आजारी पडल्या तेव्हा हेच त्यांची वेणी घालायचे. आयाळ विंचरून हात बसलेला!

समोरचा_वाडा
ताई, नालबंद आला की आम्ही सगळी पोरं तुमच्या अंगणात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय काका घोडीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. माझ्या आईला न विचारता मला दवाखान्यात नेऊन टोचून आणलं होतं त्यांनी.

खवय्या_ग्वाल्हेर
यंदा मेळ्यात कोण कोण जातंय? पापड आणि सॉफ्टी ठरलेलं.

समोरचा_वाडा
अरे, तो मेळा १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला तो जनावरांचाच. आता लोक रोड टॅक्सची सूट बघून मोटारी घ्यायला जातात. काका आम्हाला आधी जनावरं दाखवायचे, पाळणे मग.

इंदूरची_मनी
आईंना राग नाही यायचा का हो? एवढा खर्च.

लष्करची_लेक
राग कसला! महिनाअखेरीला वैरणीचे पैसे आईच भिशीतून काढायची. बाबांना माहीत होतं, म्हणून दिवाळीला आधी तिचं लुगडं यायचं, मग नवं खोगीर.

इंदूरची_मनी
फोटो टाका ना.

लष्करची_लेक
अल्बम दादाकडे पुण्याला आहे. मागवते. महूकर, तुम्ही मामांचं पुरं करा आधी.