मदत हवी आहे: विमान डोक्यावरून गेलं तर भरपाई, कुंपणापलीकडे घरघरलं तर नाही?

मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांचा सराव-खटला) अमेरिकी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीवरचा विषय आलाय (सरकारने खासगी मालमत्ता 'घेतली' तर भरपाई द्यायची, हा त्यातला नियम), माझ्या वाट्याला जमीनमालकाची बाजू. काल्पनिक प्रकरण असं: लष्करी विमानतळाला लागून घर. सरकारने इंचभरही जमीन घेतलेली नाही, विमानं घरावरून जातही नाहीत. पण इंजिनांची चाचणी सुरू झाली की भिंती हादरतात. यात सरकारने मालमत्ता 'घेतली' हे न्यायाधीशांच्या गळी कसं उतरवायचं?

१९४६ चा कॉस्बी खटला वाचला. तिथे विमानं जमिनीपासून ८३ फुटांवरून जायची, म्हणजे घरापासून जेमतेम ६७ फूट. कोंबड्या बिथरून भिंतींवर आपटायच्या, दीडएकशे मेल्या, पोल्ट्री गुंडाळावी लागली. सुप्रीम कोर्टाने मालकाचं म्हणणं मानलं. पण १९६२ च्या बॅटन खटल्यात आवाज, हादरे, तेलकट काजळी सगळं असून मालक हरले, कारण विमानं वरून जात नव्हती. माझं घोडं इथेच अडलंय.

प्रतिसाद १
बॅटन हा अपील कोर्टाचा निकाल आहे, सुप्रीम कोर्टाचा नव्हे, आणि त्यात एका न्यायाधीशांचं विरोधी मत आहे. ते आधी वाचा, अर्धा युक्तिवाद तिथेच मिळेल. मग १९१४ चा रिचर्ड्स खटला काढा. रेल्वेचा नेहमीचा धूर सगळ्या शेजाऱ्यांनी सोसायचा, त्याचे पैसे नाहीत. पण बोगद्यातला धूर पंख्याने बाहेर फेकला जायचा आणि तो नेमका एका घरावर यायचा. त्याची भरपाई द्यावी लागेल, असं कोर्ट म्हणालं. वरून की बाजूने, हा प्रश्नच तिथे नव्हता. तुमच्या प्रकरणात घर एकच की वस्ती?

धागाकर्ती
सहा घरं. मेले.

प्रतिसाद २
इतक्यात मरू नका. २०१२ च्या आर्कान्सा खटल्यात धरणाच्या पाण्याने येणारा तात्पुरता पूरही 'घेणं' ठरू शकतो, असं म्हटलंय. किती काळ, किती तीव्र, सरकारला आधी अंदाज होता का, हे बघा म्हणाले. मात्र रिचर्ड्स वापरायचा तर आपलं नुकसान बाकी पाच घरांपेक्षा वेगळं दाखवावंच लागेल. इंजिनाच्या झोताचं तोंड कुठे आहे?

धागाकर्ती
पान ४, तळटीप: झोत अडवायची भिंत पाच घरांसमोर आहे, आमच्या अशिलाच्या घरासमोर ती संपते. तीनदा वाचलं होतं हो हे पान!