बंद झालेलं अल्पिनिस्ट थेट जपानहून मागवावं का?

रानवाट
सेइकोचं सार्ब ०१७ हे घड्याळ, म्हणजे हिरव्या डायलचं, सोनेरी आकड्यांचं अल्पिनिस्ट, २००६ ते २०१८ या काळात बनलं, तेही जपानच्या बाजारासाठी. आपल्याकडच्या शोरूममध्ये ते बघायलाही मिळायचं नाही. २०२० मध्ये नवीन अल्पिनिस्ट आलं. मशीन सुधारलं, पण तारखेवर भिंग बसवलं आणि तिथेच माझं मन उतरलं. मला जुनंच हवंय. १९५९ साली जपानी गिर्यारोहकांसाठी सुरू झालेल्या मालिकेतलं घड्याळ सह्याद्रीत हिंडताना मनगटावर असावं, ही फार दिवसांची हौस आहे.

माझं मत असं, की इथल्या अनोळखी माणसाकडून रोख पैसे मोजून घेण्यापेक्षा जपानी दुकानदार बरा. तिथे जुन्या वस्तूंचा धंदा करायला १९४९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि ऑनलाइन दुकानालाही परवान्याचा क्रमांक आपल्या पानावर द्यावा लागतो. पेपॅलने पैसे दिले तर वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार १८० दिवसांत करता येते. इथे व्यवहार झाला की विक्रेता फोन उचलेल याची खात्री नाही. अनुभवी मंडळींनी लिहावं.

चावीवाला
असहमत. वडिलांपासून आमचं घड्याळदुरुस्तीचं काम आहे, म्हणून लिहितो.

या घड्याळाला दोन चाव्या, म्हणजे कडेची फिरवायची बोंडं. तीनच्या जागची आट्यांची, स्क्रूसारखी पिळून घट्ट बसते. चारच्या जागची चावी आतली होकायंत्राची रिंग फिरवते, आणि तिला आटे नाहीत. तिथे पाणी अडवायला फक्त बारीकशी रबरी रिंग आहे. आज तुम्हाला मिळणारं घड्याळ फार तर २०१८ चं, कदाचित २००८ चं. इतक्या वर्षांत ते रबर कडक झालेलं असतं. विक्रेता लिहितो 'चालू स्थितीत'. चालू आहे हे खरंच, पण शेवटचं उघडलं कधी, पाण्याची चाचणी केली का, यावर अक्षर नसतं. पाण्यात २०० मीटरपर्यंत चालणारं घड्याळ म्हणून तुम्ही आषाढात हरिश्चंद्रगडावर घालून जाल आणि संध्याकाळी काचेच्या आतून धुकं धरलेलं असेल. ओल आत राहिली की आधी काट्यांना डाग पडतात, मग मशीनला गंज.

इथे घेतलं तर निदान माझ्यासारख्याच्या टेबलावर झाकण उघडून, बघून मग पैसे देता येतात.

रानवाट
चावीवाले, रबराचा मुद्दा मान्य. पण तो घड्याळ कुठून घ्यावं याचा नाही, आल्यावर काय करावं याचा आहे. यातलं ६आर१५ मशीन ७एस घराण्यातलं आहे. साधी सेइको ५ उघडणाऱ्या कारागिराला ते परकं वाटू नये. रबरं बदलून, चाचणी करून मगच डोंगरात नेईन.

चावीवाला
मशीन परकं नाहीच. बरेचसे भाग जुळतात, मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, तेवढी वेगळी. मशीन मी चालू करून देईन हो. पण डायल खराब निघालं तर बंद झालेल्या मॉडेलचं मूळ डायल मागायचं कोणाकडे?

मुशाफिर
एवढा काथ्याकूट कशाला? विक्रेत्याला सांगायचं, पाकिटावर 'भेट' लिही आणि किंमत निम्मी टाक. हौसेच्या वस्तूवर इतकी आयात ड्यूटी लावणं हाच मुळात अन्याय आहे.

ठाणेकर_श
मुशाफिर, हा सल्ला कोणाला देऊ नका. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची ५००० रुपयांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्येच काढली, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. किंमत खोटी लिहिली तर कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १११ खाली माल जप्त होऊ शकतो. आणि पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवर मिळते, तुम्ही दिलेल्या पैशांवर नाही. ड्यूटी जाचक वाटते, मलाही वाटते. ती सरकारला सांगायची गोष्ट आहे. खोटा कागद तुमच्या नावावर, तुमच्या केवायसीवर येतो, जपानमधल्या दुकानदारावर नाही.

रानवाट, तुमच्या हिशेबातही एक भोक आहे. घड्याळ परत पाठवायची वेळ आली तर पेपॅल घड्याळाचे पैसे देईल. भरलेली ड्यूटी कोण देणार? आयात केलेला माल परत पाठवल्यावर ड्यूटीचा परतावा मागण्याची तरतूद कलम ७४ मध्ये आहे, पण एका घड्याळासाठी ते कागद कोण नाचवणार? ती रक्कम गेली असं धरूनच बजेट करा. शिवाय पट्टा मगरीच्या कातड्याचा असेल तर आधीच काढून ठेवायला सांगा, त्याला वन्यजीव व्यापाराचे वेगळे परवाने लागतात.

मिशिगनकर
इथे अमेरिकेत घड्याळं जमवणाऱ्यांत 'मुंबई स्पेशल' ही शिवीच आहे. जुनी सेइको ५ घ्यायची, डायल भडक रंगात नव्याने छापायचं, पॉलिश मारायचं आणि परदेशी गिऱ्हाइकाला विकायचं. त्यामुळे भारतातला विक्रेता दिसला की लोक पुढे जातात. त्यात मुंबईचा एखादा सचोटीचा दुकानदारही भरडला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून 'जपानी म्हणजे प्रामाणिक' हे रानवाट यांचं गृहीतक मला पटत नाही. देश बघून विश्वास टाकायचा तर आपल्या माणसांवरचा अविश्वासही रास्त ठरेल.

घड्याळ बघा. मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दुसरं चिन्ह महिन्याचं (नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी). या मॉडेलची गोम अशी, की सुरुवातीला ७ असेल तर ते २००७ चंही असेल आणि २०१७ चंही. विक्रेता अर्थात २०१७ लिहितो. झाकण पारदर्शक नाही, त्यामुळे मशीन बाहेरून दिसत नाही. उघडून फोटो मागा. आणि वर्णनात 'जंक' शब्द असेल तर ते दुरुस्तीचं किंवा सुट्या भागांचं घड्याळ समजा, मग तक्रारीचं बळही उरत नाही.

रानवाट
देशाचा मुद्दा टोचला, पण परवान्याचा मुद्दा मी सोडत नाही. जपानी माणूस चांगला असतो असं मी म्हटलेलं नाही. तिथे दुकानदाराला नाव-गाव लपवता येत नाही, एवढंच म्हटलंय. पट्टा गाईच्या चामड्याचा आहे, तेवढं विचारून घेतलं. क्रमांक ७ नेच सुरू होतो. झाकण उघडलेल्या फोटोसाठी आज दुकानाला लिहितो, पूर्ण किमतीचं बिल लावायलाही सांगतो.

चावीवाला
फोटो आला की इथे टाका, मशीन बघून सांगतो. झाकण उघडायला नाही म्हणाले, तर माझ्याकडून नाहीच.