मदत हवी आहे: रागाच्या तक्त्यावर मुलगा कायम ५च दाखवतो

वैतागलेली_आई:
शाळेतल्या समुपदेशक बाईंनी रागाचा थर्मामीटर दिलाय. १ म्हणजे शांत, ५ म्हणजे स्फोट. फ्रिजवर लावलाय, पण आमचं ध्यान दर वेळी ५वरच बोट ठेवतं. पेन्सिलीचं टोक मोडलं, ५. पोह्यातली मोहरी दाताखाली आली, ५. काय उपयोग याचा? सोमवारी बाईंना भेटायचंय, लवकर सांगा.

खडीसाखर:
वय?

नाना_डोंबिवली:
आमच्या वेळी थर्मामीटर नव्हता. पाठीत एक धपाटा, की पारा खाली.

मृण्मयी:
नाना, तुमचा पारा निवडणुकीच्या धाग्यावर पाहिलाय सगळ्यांनी.

वैतागलेली_आई:
पहिलीत आहे. वयाचं काय एवढं?

खडीसाखर:
दहावीतला असता तर वेगळं सांगितलं असतं. तक्ता दाखवता कधी?

वैतागलेली_आई:
चिडला की! अजून कधी दाखवणार?

खडीसाखर:
तिथेच गोची आहे. भडकलेल्या पोराला आकडे सुचत नाहीत. निवांत असेल तेव्हा बसा. आधी स्वतःचा आकडा सांगा: "गॅस संपला, मी ३वर आहे, मान आखडलीय." मग त्याच्या अंगातल्या खुणा त्यालाच सांगू दे. कान तापले, मुठी वळल्या, कुठली खूण कितवर ते तोच ठरवेल. ३ला लांब फुंकर घालायची. ५ला काही शिकवायला जाऊ नका, नुसतं जवळ बसा. आनंदालाही हाच तक्ता लावा, म्हणजे मधले आकडे वापरात येतील.

फिटनेस_फंडा:
उशी बडवायला द्या. राग बाहेर पडतो.

मृण्मयी:
नाही पडत, उलट बडवायची सवय लागते. यावर प्रयोग झालेत. आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, सहा-सात वर्षांच्या पोराकडून किती अपेक्षा ठेवायची?

खडीसाखर:
पंचविशी? आमच्या अहोंची चाळिशी उलटली.

वैतागलेली_आई:
अहोंचा धागा वेगळा काढा. आत्ताच विचारलं त्याला. म्हणतो कान नाही तापत, पोटात गुडगुडतं. हा कितवा आकडा?

खडीसाखर:
चिडतो साधारण किती वाजता?

वैतागलेली_आई:
शाळेतून आल्या आल्या. सांगितलं ना वर?

खडीसाखर:
कुठे सांगितलं? आधी त्याला खायला द्या, मग आकडा विचारा.

नाना_डोंबिवली:
हेच म्हणत होतो मी.

मृण्मयी:
कधी??

झेरॉक्सवाला:
तक्ता लॅमिनेट करून घ्या ताई. फ्रिजवर कागद दमट होतो.